संरक्षण आदेश कितपत संरक्षण देतो?

औषध हाती पडले की आपण डॉक्टरांना चार प्रश्न विचारतो. याने गुण येईल का? किती दिवस घ्यायचे? त्रास काय होऊ शकतो? आणि सोबत आणखी काय करायचे? घरातल्या मारहाणीविरुद्ध न्यायालय जो संरक्षण आदेश देते, त्याबद्दल मात्र असे प्रश्न कोणी विचारत नाही. त्याऐवजी दोन ठाम मते ऐकू येतात. एक म्हणजे, ‘एवढा कायदा आहे, तर ती न्यायालयात का जात नाही?’ दुसरे म्हणजे, ‘कागदाने कधी मारणाऱ्याचा हात थांबतो का?’

या दोन्ही मतांची तपासणी करता येते आणि ती झालेलीही आहे. रोगांच्या साथींचा अभ्यास ज्या पद्धतींनी होतो, त्याच पद्धती वापरून गेल्या पंचवीस वर्षांत संशोधकांनी हा प्रश्न हाताळला. आदेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या स्त्रियांची पुढची वाटचाल त्यांनी महिनोन्‌महिने नोंदवली. त्यातून आलेले उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे सोपे नाही. आदेशाचा उपयोग होतो, पण त्याला अटी आहेत. त्या अटी ठाऊक असणे ही प्रसंगी एखादीच्या जिवाशी निगडित गोष्ट ठरते.

आरोग्याच्या पानावर हा विषय का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 42 टक्के स्त्रियांना त्या हिंसेत इजा झालेली होती. अशा स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळले. त्यांच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मण्याची शक्यता 16 टक्क्यांनी अधिक होती. जगात खून झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के स्त्रियांचा खून जोडीदाराच्याच हातून होतो, असाही अंदाज त्या आढाव्यात होता.

आपल्याकडचे चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसते. पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 18 ते 49 वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक असे आहे. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रियांनी ती थांबावी म्हणून कोणाची मदत मागितली होती. ही मदतही बहुतेक वेळा माहेरच्यांची असते. पोलीस, वकील, डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया अगदी थोड्या.

म्हणून संरक्षण आदेशाच्या परिणामाबद्दल बोलताना एक गोष्ट आधीच लक्षात ठेवायला हवी. हा उपाय ज्यांच्यापर्यंत पोहोचतो, त्यांची संख्या मुळातच लहान आहे.

आदेश म्हणजे नेमके काय?

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’ हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून देशात लागू झाला. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी, सून किंवा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही त्याचा आधार घेऊ शकते. मारहाण, लैंगिक अत्याचार, शिवीगाळ व मानसिक छळ, पैशांची कोंडी हे सारे हिंसेच्या व्याख्येत येते.

कायद्याच्या कलम 18 नुसार न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. हिंसा करू नये, तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत जाऊ नये, तिला आधार देणाऱ्या माणसांना त्रास देऊ नये, अशी बंधने त्यात घालता येतात. कलम 19 च्या निवास आदेशाने तिला घराबाहेर काढण्यास मनाई करता येते. एवढेच नव्हे, तर मारणाऱ्या पुरुषालाच घर सोडून जाण्यास सांगता येते. प्रकरण तातडीचे असेल, तर कलम 23 नुसार समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधी एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो.

अनेकींना ठाऊक नसलेली एक बाब इथे सांगायला हवी. हा आदेश म्हणजे शिक्षा नव्हे. नवऱ्याला तुरुंगात घालायचे नाही, फक्त मार थांबायला हवा, असे म्हणणाऱ्या स्त्रीसाठीच हा मार्ग आखलेला आहे. मात्र आदेश मोडला, तर तो गुन्हा ठरतो. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, 20 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ऐंशी टक्के, पण कोणत्या आदेशाने?

आता गुण येतो का, या प्रश्नाकडे वळू. सर्वाधिक उल्लेख होणारा अभ्यास अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या साथरोगतज्ज्ञ व्हिक्टोरिया होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2002 मध्ये प्रसिद्ध केला. जोडीदाराच्या हिंसेबद्दल पोलिसांकडे नोंद झालेल्या 2691 स्त्रियांच्या नोंदी त्यांनी पुढचे वर्षभर तपासल्या. त्यांत तीन गट होते. काही स्त्रियांकडे कोणताच आदेश नव्हता. काहींना साधारण दोन आठवड्यांचा तात्पुरता आदेश मिळाला होता. काहींना बहुधा वर्षभर टिकणारा, तिथल्या भाषेत कायम म्हटला जाणारा आदेश मिळाला होता.

कायम आदेश असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत पुढच्या वर्षात पोलिसांपर्यंत गेलेल्या शारीरिक हिंसेचे प्रमाण आदेश नसलेल्यांपेक्षा 80 टक्क्यांनी कमी होते. औषधाच्या चाचणीत असा आकडा आला असता तर त्याची पहिल्या पानावर बातमी झाली असती.

पण याच अभ्यासात दुसराही निष्कर्ष होता, आणि तो विसरून चालणार नाही. ज्यांना फक्त तात्पुरता आदेश मिळाला, त्यांच्या शारीरिक हिंसेत अशी घट दिसली नाही. उलट, आदेश नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांच्या मानसिक छळाच्या नोंदी पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ पाचपट होत्या. धमक्या, पाठलाग, सतत फोन असा हा छळ. कारण समजण्यासारखे आहे. न्यायालयाचा कागद हाती पडला की ज्याला घरात आपलेच चालावे असे वाटते, त्याला आपली पकड सुटते आहे हे कळते. तो चिडतो. आणि दोन आठवड्यांत आदेशाची मुदत संपते.

प्रतिजैविकांचा अर्धवट कोर्स का करू नये, हे आपण ऐकत आलो आहोत. इथेही तसेच काहीसे आहे. तात्पुरता आदेश हा सुरुवातीचा डोस आहे. त्यानंतर लांब मुदतीचा आदेश आला नाही, तर स्त्री सर्वांत नाजूक काळात उघडी पडते. म्हणून ‘अंतरिम आदेश मिळाला, आता झाले’ असे समजून पुढच्या तारखा सोडून देणे धोक्याचे आहे.

होल्ट यांच्याच गटाने 2003 मध्ये 448 स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारित दुसरा अभ्यास दिला. आदेश मिळवलेल्या स्त्रियांना जोडीदाराने गाठण्याचा, शस्त्र दाखवून धमकावण्याचा, इजा होण्याचा आणि त्या इजेसाठी दवाखान्यात जावे लागण्याचा धोका कमी झालेला दिसला. ज्यांनी आदेश मध्येच सोडून न देता टिकवून धरला, त्यांच्यात ही घट अधिक होती.

तुलना बरोबरीची आहे का?

विज्ञानाचा वाचक इथे एक शंका घेईल, आणि ती रास्त आहे. न्यायालयापर्यंत जाऊ शकलेली स्त्री आणि जाऊ न शकलेली स्त्री, या दोघी सारख्या असतात का? पहिलीकडे कदाचित नोकरी असेल, माहेरचा आधार असेल, वेगळे राहण्याची सोय असेल. मग हिंसा कमी झाली ती आदेशामुळे की या आधारांमुळे? औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करतात. इथे ‘तुला आदेश, तुला नाही’ अशा चिठ्ठ्या टाकणे अमानुष ठरेल. त्यामुळे संशोधकांना गणिती पद्धतीने असे फरक वजा करावे लागतात, आणि ते पूर्णपणे वजा होत नाहीत.

या शंकेला बळ देणारा एक अभ्यास टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा आहे. परिचारिका आणि संशोधक ज्युडिथ मॅकफर्लेन यांनी 2004 मध्ये तो प्रसिद्ध केला. संरक्षण आदेशासाठी अर्ज करणाऱ्या 150 स्त्रियांना त्यांनी 18 महिने वेळोवेळी भेटून प्रश्न विचारले. काहींना आदेश मिळाला, काहींना नाही. हिंसा मात्र दोन्ही गटांत लक्षणीय कमी झाली.

याचा अर्थ आदेश निरुपयोगी आहे, असा काढणे घाईचे होईल. या सर्व स्त्रिया न्यायव्यवस्थेच्या दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी घडलेले दुसऱ्याला सांगितले होते, त्यांची नोंद झाली होती, कोणीतरी त्यांची पुन्हा पुन्हा विचारपूस करत होते. हिंसा बंद दाराआड वाढते. दार उघडण्याची क्रिया, मग ती अर्ज करण्यातून होवो की समुपदेशकाशी बोलण्यातून, हीच उपचाराचा एक भाग असावी, असे हा अभ्यास सुचवतो. ज्या 14 टक्क्यांचा उल्लेख वर आला, तो आकडा वाढणे किती महत्त्वाचे आहे हे यावरून कळते.

आदेश मोडला जातो तेव्हा

ब्रायन स्पिट्झबर्ग यांनी 2002 मध्ये 32 अभ्यास एकत्र मांडले. सरासरी 40 टक्के प्रकरणांत आदेशाचा भंग झालेला होता. सुमारे 21 टक्के प्रकरणांत आदेशानंतर गोष्टी आणखी बिघडल्या, असे अर्जदारांचे म्हणणे होते. ‘कागदाने काय होते’ म्हणणाऱ्यांच्या हाती हे आकडे आयते सापडतात. पण भंग हा शब्द फार मोठी जागा व्यापतो. एक नकोसा फोन हाही भंग आणि चाकूहल्ला हाही भंग.

केंटकी राज्यात टी. के. लोगन आणि रॉबर्ट वॉकर यांनी 2009 मध्ये दिलेल्या अहवालात हा फरक नीट उलगडतो. आदेश मिळालेल्या 213 स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत पुढच्या सहा महिन्यांत एकदाही भंग झाला नाही. उरलेल्या निम्म्या जणींच्या बाबतीत भंग झाला, पण हिंसेचे प्रमाण आणि तीव्रता आधीपेक्षा बरीच खाली आली. ज्या पुरुषांना पाठलाग करण्याची सवय होती, त्यांच्याकडून भंग होण्याची शक्यता जास्त होती. खेड्यांतल्या स्त्रियांना आदेश मिळवताना आणि तो पाळला जावा म्हणून शहरातल्या स्त्रियांपेक्षा अधिक अडथळे आले. संशोधकांनी खर्चाचाही हिशेब मांडला. दवाखाना, पोलीस, बुडालेली मजुरी हे सारे धरता या आदेशांमुळे एका वर्षात राज्याचे आठ कोटी डॉलरहून अधिक वाचले, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणजे आदेश ही भिंत नाही, कुंपण आहे. ते ओलांडले जाते की नाही, हे पलीकडे कोणी उभे आहे का यावर ठरते. पहिल्या भंगानंतर पोलीस काय करतात, हा यातला सर्वांत कळीचा प्रश्न. ‘पुन्हा असे करू नका’ एवढे सांगून सोडून दिले, तर मारणाऱ्याला कळते की कागद पोकळ आहे. त्यानंतर आदेशाचा धाक उरत नाही.

पहिल्या रात्रीचे काय?

मारहाण बहुधा रात्री होते आणि न्यायालय सकाळी उघडते. या मधल्या तासांसाठी काही देशांनी वेगळी व्यवस्था केली. ऑस्ट्रियात 1 मे 1997 पासून पोलीसच घटनास्थळी मारणाऱ्याला घराबाहेर काढू शकतात. त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या जातात आणि आता दोन आठवडे त्याला परत येता येत नाही. तिने या काळात न्यायालयात अर्ज केला, तर ही मुदत चार आठवड्यांपर्यंत वाढते. पोलीस मदत केंद्राला कळवतात आणि केंद्र स्वतःहून तिच्याशी संपर्क साधते. तिने मदत मागण्याची वाट पाहिली जात नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा आदेशांचा आधी तीन पोलीस विभागांत प्रयोग झाला आणि मार्च 2014 पासून ते सगळीकडे लागू झाले. पोलिसांची नोटीस निघाली की 48 तासांत प्रकरण न्यायालयापुढे न्यायचे आणि न्यायालयाने 14 ते 28 दिवसांची बंदी घालायची, अशी ही रीत. प्रयोगाच्या मूल्यमापनात दिसले की, अटक करून पुढे काहीच न केलेल्या प्रकरणांपेक्षा आदेश दिलेल्या प्रकरणांत पुन्हा हिंसा होण्याचे प्रमाण कमी होते. ज्या घरी पोलिसांना आधी तीन किंवा अधिक वेळा जावे लागले होते, तिथे हा फरक सर्वांत ठळक होता. स्पेनमध्ये 2003 च्या कायद्याने न्यायाधीशांवर 72 तासांत संरक्षण आदेशाचा निर्णय करण्याचे बंधन आहे.

आपल्या कायद्यातही तीन दिवसांचा उल्लेख आहे. अर्ज आल्यापासून सामान्यतः तीन दिवसांत पहिली सुनावणी ठेवावी, नोटीस दोन दिवसांत बजावली जावी आणि पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे तो म्हणतो. 2006 च्या नियमांपैकी नियम 9 तर तातडीसाठीच आहे. हिंसा सुरू आहे किंवा होण्याची भीती आहे, अशी खात्रीलायक खबर फोन वा ई-मेलवरून जरी मिळाली, तरी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांना सोबत घेऊन तिथे जायचे, घटनेचा अहवाल नोंदवायचा आणि विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. ऑस्ट्रियासारखा जागच्या जागी घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र आपले पोलीस या कायद्याखाली देऊ शकत नाहीत. म्हणून आपल्याकडे नियम 9 हाच पहिल्या रात्रीचा आधार. पण तो ज्याच्या खांद्यावर आहे, तो संरक्षण अधिकारी उपलब्ध हवा.

नेमके इथेच अडते. अनेक ठिकाणी हे पद म्हणजे दुसऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार असतो. त्याच्याकडे गाडी नसते, मदतनीस नसतो. नोटीस बजावायला आठवडे लागतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा साडेअठरा वर्षे झाली होती.

कोणाला धोका सर्वाधिक?

सगळ्या प्रकरणांत धोका सारखा नसतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिचर्या-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1985 मध्ये यासाठी एक प्रश्नावली तयार केली. मार वाढत चालला आहे का? घरात शस्त्र आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का? गरोदरपणात मारले आहे का? तो सतत पाळत ठेवतो का? आत्महत्येची धमकी देतो का? तिने नुकतेच घर सोडले आहे का? अशा उत्तरांवरून जिवाच्या धोक्याचा अंदाज येतो.

यातल्या एका खुणेकडे आपल्याकडे अगदीच दुर्लक्ष होते. ती म्हणजे गळा दाबणे. कॅम्पबेल यांच्या गटाने 2008 मध्ये दिलेल्या विश्लेषणात, ज्या स्त्रीचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला होता, तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता इतर मारहाण झालेल्या स्त्रियांपेक्षा सातपटींहून अधिक आढळली. गळ्यावर अनेकदा वळही दिसत नाही. पण आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके येणे, क्षणभर शुद्ध हरपणे, नकळत लघवी होणे या खुणा गंभीर आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली असेल, तर लकवा काही दिवसांनीही येऊ शकतो. ‘नुसता गळा धरला होता’ असे म्हणून हा प्रकार सोडून देऊ नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि कागदावर तशी स्पष्ट नोंद करून घ्यावी.

घर सोडण्याचा किंवा आदेश मिळाल्याचा काळ हाही जोखमीचा असतो. म्हणून आदेशाच्या अर्जासोबतच सुरक्षिततेची आखणी हवी. नोटीस त्याच्या हाती पडेल त्या दिवशी आपण कुठे असणार, मुले कोणाकडे असणार, हे आधी ठरवायला हवे. आपल्या नियमांतही संरक्षण अधिकाऱ्याने अशी सुरक्षा योजना तिच्याशी बोलून तयार करायची आहे. त्यासाठी वेगळा नमुनाही आहे.

रुग्णालय हे पहिले दार

पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरणारी स्त्रीही टाके घालायला दवाखान्यात जाते. ‘बाथरूममध्ये घसरले’ असे सांगते, एवढेच. हे ओळखून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने सन 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका यांना हिंसेच्या खुणा ओळखण्याचे शिक्षण द्यायचे आणि तिथल्या तिथे समुपदेशन, कायद्याचा सल्ला, निवाऱ्याची सोय पुरवायची, अशी ती कल्पना. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. पोलिसांच्या बाजूने असेच काम टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या विशेष कक्षाने केले. आज राज्यात अनेक ठिकाणी असे कक्ष आहेत.

डॉक्टरांवर कायद्यानेही जबाबदारी आहे. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात घटनेचा अहवाल नाही म्हणून कोणत्याही रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. असा अहवाल झालेला नसेल, तर रुग्णालयाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे आणि तपासणीची प्रत तिला विनामूल्य द्यायची आहे. न्यायालयात तारीख, वेळ, जखमेची जागा आणि ‘पतीने मारल्याचे सांगते’ ही एक ओळ फार मोलाची ठरते.

आदेश उपयोगी पडावा म्हणून

या सगळ्यातून हाती येणाऱ्या गोष्टी थोडक्यात अशा:

– अर्ज राहत्या ठिकाणी करता येतो. सासर सोडून तात्पुरती माहेरी आलेली स्त्री तिथल्या न्यायालयात जाऊ शकते. तिच्या वतीने संरक्षण अधिकारी किंवा दुसरी व्यक्तीही अर्ज करू शकते.

– घटनेचा अहवाल तयार नाही म्हणून आदेश अडत नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

– केवळ पोटगी मागू नये. हिंसा आणि संपर्क यांना मनाई करणारा कलम 18 चा आदेश स्पष्ट शब्दांत मागावा. भंगाची शिक्षा संरक्षण आदेशाशी जोडलेली आहे. पोटगी थकवल्यास ती लागू होते का, यावर न्यायालयांत एकमत नाही.

– आदेशाची प्रत विनामूल्य मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. ती तिथे पोहोचल्याची खात्री करावी. एक प्रत जवळ, एक विश्वासातल्या माणसाकडे, मोबाइलमध्ये छायाचित्र.

– पहिला भंग कितीही किरकोळ वाटला तरी त्याची तक्रार नोंदवावी. संदेश, फोनच्या नोंदी पुसू नयेत. भंग झाला का, हे ठरवताना न्यायालय एकट्या पीडितेच्या साक्षीवरही विसंबू शकते.

– वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नये. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. तातडीत पोलिसांसाठी 112 आणि महिला मदतवाहिनीसाठी 181.

शेजारी, नातेवाईक, सहकारी यांच्यासाठीही यात एक काम आहे. ‘सहन कर’ आणि ‘सोडून दे त्याला’ हे दोन्ही सल्ले देणाऱ्याला सोपे असतात. त्याऐवजी तिच्या आदेशाची एक प्रत आपल्याकडे ठेवणे, तारखेला सोबत जाणे, तो इमारतीच्या खाली दिसला तर 112 ला फोन करणे, हे अधिक उपयोगाचे.

‘ती न्यायालयात का जात नाही’ आणि ‘कागदाने काय होते’ ही दोन्ही मते अपुरी आहेत, ती यामुळे. कागद हिंसा कमी करू शकतो, याला पुरावा आहे. तो लवकर मिळायला हवा, पुरेसा काळ टिकायला हवा आणि पहिल्या भंगाला पोलिसांनी उत्तर द्यायला हवे. यातले अर्ज करणे एवढेच तिच्या हातात आहे. बाकीचे तिन्ही न्यायालय, सरकार आणि पोलीस यांच्या हातात आहे, आणि त्याबद्दलचा जाब त्यांनाच विचारायला हवा.